माघार घेतली, पण कशातून? ‘ईव्हीचा फुगा फुटला’ या दाव्याला उत्तर

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातो आहे. थोडक्यात तो असा: ईव्हीचा फुगा फुटला. फोर्ड, मर्सिडीज, व्होल्वो या सगळ्यांनी हात पोळून घेतले आणि आता त्या पेट्रोलकडे परतल्या. ईव्ही हा तोट्याचाच धंदा. अनुदान थांबलं की विक्री थांबते. टोयोटा पहिल्यापासून लांब राहिली, तीच शहाणी. बॅटरी पाच वर्षांत बाद होते. वीज कोळशाचीच, मग धूर कुठे कमी झाला? आणि शेवटी, कंपन्या मागे फिरल्या हे बरंच झालं, इंजिन कारखान्यांतल्या नोकऱ्या तरी वाचतील.

यातल्या काही बातम्या खऱ्या आहेत, म्हणून तर मजकूर पटतो. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. लोक दहा-बारा वर्षं वापरायची गाडी असल्या मजकुरावरून ठरवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘सगळ्या परतल्या.’ घोषणा मागे घेतल्या गेल्या, हे कबूल. २०३० पर्यंत फक्त इलेक्ट्रिक गाड्या विकू, असं व्होल्वोने २०२१ मध्ये सांगितलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने ते उद्दिष्ट सोडलं. मर्सिडीजनेही आपलं वेळापत्रक पुढे ढकललं. फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक एफ-१५० लाइटनिंग पिकअप बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे १९.५ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात धरला. पण व्होल्वोने जुन्या उद्दिष्टाच्या जागी काय ठेवलं, ते मजकुरात नाही. २०३० पर्यंत ९० ते १०० टक्के गाड्या पूर्ण इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन हायब्रिड (इंजिन असलेल्या, पण बाहेरून चार्जही करता येणाऱ्या) असतील, हे तिचं नवं उद्दिष्ट आहे. याला पेट्रोलकडे परतणं म्हणता येत नाही.

बाजार तर या काळात वाढतच होता. २०२० मध्ये जगभरात सुमारे ३० लाख इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या, २०२४ मध्ये १ कोटी ७० लाखांहून अधिक, म्हणजे दर पाच नव्या गाड्यांमागे एकाहून जास्त. (या आकड्यांत प्लग-इन हायब्रिडही धरलेल्या आहेत, हे सांगायलाच हवं.) नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. काही कंपन्यांनी तारखा बदलल्या, काहींनी न खपणारी महागडी मॉडेल्स बंद केली. गिऱ्हाईक मात्र पेट्रोलकडे परतलेलं नाही.

‘हा तोट्याचाच धंदा.’ हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला २०२३ मध्ये ४.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि पुढच्या वर्षी त्याहून थोडा जास्त. पण त्याच २०२४ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने ४२ लाखांहून अधिक गाड्या विकल्या आणि भरघोस नफा कमावला. त्यांतल्या सुमारे १७.६ लाख पूर्ण इलेक्ट्रिक होत्या, उरलेल्या बहुतेक प्लग-इन हायब्रिड. नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बनवणं या कंपनीने मार्च २०२२ मध्येच थांबवलं होतं. धंदा मुळातच तोट्याचा असता, तर हे कसं जमलं?

उत्तर दोघींच्या जन्मकथेत आहे. बीवायडी १९९५ मध्ये बॅटरी बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली आणि गाड्यांकडे २००३ मध्ये वळली. इलेक्ट्रिक गाडीतला सर्वांत महाग भाग बॅटरीच, आणि तो तिच्या घरचा. जुन्या कंपन्यांचं शंभर वर्षांचं कसब इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये होतं. ते कसब खरोखर थोर आहे. पण नव्या गाडीत त्याला जागा नाही, आणि जे लागतं ते, म्हणजे बॅटरी, तिचं नियंत्रण आणि सॉफ्टवेअर, बाहेरून घ्यावं लागलं किंवा शून्यापासून शिकावं लागलं. फोक्सवॅगनसारख्या बलाढ्य कंपनीची आयडी.३ ही इलेक्ट्रिक गाडीसुद्धा २०२० मध्ये सॉफ्टवेअर तयार नसल्याने रखडली. त्यात कारखाना, नवा सांगाडा, बॅटरीचे करार हा सगळा खर्च आधी होतो आणि तो सुरुवातीच्या थोड्या गाड्यांवर वाटला जातो. तोटा उशिरा शिकण्याचा आहे.

बॅटरीच्या किमतीही पाहा. २०१० च्या सुमारास बॅटरीच्या पूर्ण संचाची, म्हणजे पॅकची, किंमत किलोवॉट-तासाला (वीज साठवण्याच्या दर एककामागे) हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलर. म्हणजे ६० किलोवॉट-तासांचा पॅक तेव्हा ६० हजार डॉलरच्या वर गेला असता, आता सात हजारांच्या आत येतो. एका भागाची किंमत इतकी उतरल्यावर गाडीचं गणितच बदलतं.

‘अनुदान थांबलं की विक्री संपते.’ जर्मनीत हा प्रयोग प्रत्यक्ष झाला. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने खरेदीवरचं अनुदान अचानक बंद केलं. २०२४ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री २७ टक्क्यांनी कोसळून ३.८ लाखांवर आली. मजकूर इथेच थांबतो. २०२५ मध्ये ती ५.४ लाखांच्या वर गेली, म्हणजे अनुदान असलेल्या २०२३ पेक्षाही जास्त. कंपनीच्या गाड्यांवरची करसवलत आणि युरोपचे उत्सर्जनाचे नियम यांचाही हात त्यात आहे, ते मी नाकारत नाही. पण विक्री संपली नाही.

‘टोयोटा लांब राहिली.’ राहिली नाही. १९९७ च्या प्रिअसपासून तिने हायब्रिडवर, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांवर, भर दिला, त्या विकल्याही आणि नफाही कमावला. ही तिची कमाई खरी आहे. पण डिसेंबर २०२१ मध्ये तिचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनीच २०३० पर्यंत ३० इलेक्ट्रिक मॉडेल्स आणण्याची घोषणा केली होती. २०२२ मध्ये बीझेड४एक्स ही तिची इलेक्ट्रिक गाडी आली आणि चाकाचे बोल्ट सैल होण्याच्या धोक्यामुळे थोड्याच दिवसांत परत बोलवावी लागली. चीनसाठीची बीझेड३ तर टोयोटाने बीवायडीबरोबर मिळून बनवली, बॅटरीही बीवायडीची. जगातल्या सर्वांत मोठ्या कार-कंपनीला बॅटरीसाठी दुसऱ्याकडे जावं लागणं, हा शहाणपणाचा पुरावा कसा म्हणायचा?

बॅटरीच्या आयुष्याबद्दल फार लिहायची गरज नाही. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात आणि त्या काळात क्षमता ७० टक्क्यांच्या खाली जाणार नाही असं लिहून देतात. भीतीचं मूळ निसानच्या सुरुवातीच्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीत आहे. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती आणि उष्ण प्रदेशांत ती लवकर झिजली. आजच्या बहुतेक गाड्यांत ती सोय असते.

कोळशाचा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं. आयसीसीटी या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये मध्यम आकाराच्या गाड्यांचं आयुष्यभराचं उत्सर्जन मोजलं. बॅटरी बनवतानाचं उत्सर्जनही त्यात धरलं होतं. पेट्रोल गाडीच्या तुलनेत युरोपात ते ६६ ते ६९ टक्क्यांनी कमी भरलं, अमेरिकेत ६० ते ६८ आणि कोळशावर मोठी भिस्त असलेल्या चीनमध्ये ३७ ते ४५ टक्क्यांनी. म्हणजे कोळशाने फायदा घटतो, नाहीसा होत नाही. पेट्रोल इंजिन इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं, मोटर फार थोडी. फरक मुख्यतः तिथून येतो.

राहिल्या नोकऱ्या. या मुद्द्यावर मला राग येतो, कारण यात कामगारांच्या काळजीचा उपयोग त्यांच्याच विरोधात केला आहे. इलेक्ट्रिक गाडीत फिरते भाग फार कमी, म्हणून जोडणीला माणसंही कमी लागतात. ही भीती खरी आहे. पण कंपनी मागे फिरली म्हणून ते काम तिच्याकडेच राहत नाही. २०२४ मध्ये जगातल्या ७० टक्क्यांहून अधिक इलेक्ट्रिक गाड्या चीनमध्ये बनल्या आणि बॅटरीत चीनचा वाटा याहूनही मोठा आहे. त्याच चीनमध्ये फोक्सवॅगन वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाचा ब्रँड होती. २०२३ मध्ये ती जागा बीवायडीने घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनने कामगार संघटनेशी करार केला. त्यानुसार २०३० पर्यंत जर्मनीतली ३५ हजारांहून अधिक पदं कमी होणार आहेत. जर्मनीतल्या त्विकाऊ इथल्या तिच्या कारखान्यातून जून २०२० मध्ये शेवटची इंजिनवाली गाडी बाहेर पडली होती आणि तिथले कामगार नवं काम शिकले होते. आता त्यांच्याकडची काही इलेक्ट्रिक मॉडेल्सही याच करारानुसार कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत जायची आहेत.