सालमाने 'एक काहीतरी निवडलं' म्हणून ती मोठी झाली? मला नाही पटत

परवा एका ग्रुपवर कोणीतरी स्पेनची फुटबॉलर सालमा पारायुएलोचा फोटो टाकून खाली लिहिलेलं की बघा, मुलीने वेळेवर ॲथलेटिक्स सोडलं, फुटबॉलवर फोकस केला आणि वर्ल्डकप जिंकला, पालकांनो लक्षात घ्या वगैरे. लाइक्सचा पाऊस. तिथे कमेंटमध्ये भांडत बसण्यापेक्षा म्हटलं इथेच लिहू.

वेळेवर म्हणजे कधी हो? ती २०२२ ला बार्सिलोना क्लबला आली आणि मग ट्रॅक सोडला, तेव्हा बाईसाहेब अठरा वर्षांच्या होत्या. तोपर्यंत ही झारागोझाची पोरगी दोन्ही खेळ करत होती, आणि तेही टाइमपास म्हणून नाही. डिसेंबर २०१८ मध्ये उरुग्वेत अंडर-१७ वर्ल्डकप जिंकलेल्या स्पेनच्या टीममध्ये ती होती, तिथून तीन महिन्यांत ग्लासगोला युरोपियन इनडोअर चॅम्पियनशिपमध्ये मोठ्या बायकांसोबत ४०० मीटर धावली, वय पंधरा! त्याच उन्हाळ्यात बाकूला युरोपियन यूथ ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर हर्डल्सचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) गोल्ड. मधे २०२१ ला व्हियारेआल क्लबकडून खेळताना गुडघ्याचं लिगामेंट (एसीएल) फाटलं, त्यातूनही परत उभी राहिली.

आता हर्डल्सबद्दल मी जरा बोलणार, कारण कॉलेजात दोन वर्षं मी पण धावलेय (मेडल बिडल विचारू नका). लोकांना वाटतं यात उड्या मारायच्या असतात. उड्या सोप्या असतात ओ. ४०० मध्ये दहा हर्डल्स, दोन हर्डल्सच्या मधे ३५ मीटर, आणि खरा खेळ त्या ३५ मीटरमध्ये पावलं मोजण्याचा. पावलं विषम पडली तर दरवेळी तोच पाय पुढे येतो, सम पडली की पाय बदलावा लागतो. सहाव्या-सातव्या हर्डलला मांड्या दगड होतात, पाऊल आखूड पडायला लागतं आणि मग हर्डलपाशी येऊन माणूस बारीक बारीक पावलं टाकत चाचपडतो, तिथेच रेस गेली. थकलेली असताना पुढचं पाऊल कुठे पडणार हे आधीच ठरवायचं, वेग न सोडता.

हे डोक्यात ठेवून २०२३ च्या वर्ल्डकपची नेदरलँड्सविरुद्धची क्वार्टर फायनल परत बघा. एक्स्ट्रा टाइम, १११ वं मिनिट, मैदानावर सगळ्यांची जीभ बाहेर आलेली. टीममधल्या एर्मोसोचा पास येतो, सालमा डावीकडून पळत सुटते, डिफेंडरला एका झटक्यात चुकवते आणि डाव्या पायाचा फटका लांबच्या पोस्टला लागून आत. सगळे म्हणतात वेग वेग वेग. मला विचाराल तर त्या झटक्याच्या आधी तिची पावलं बघा, एकही पाऊल चाचपडत पडलेलं नाही.

मग स्वीडनविरुद्ध सेमी, आपली १५ ऑगस्टची दुपार. सकाळी झेंडावंदन, जिलेबी, जेवण आणि दीड वाजता मॅच, घरात निम्मे लोक घोरत होते. सालमा ५७ व्या मिनिटाला पुतेयासच्या जागी आली आणि ८१ व्या मिनिटाला गोल. मी ओरडले तर आई दचकून उठली, म्हणे काय गं, कुणाचं काय झालं? मग ८८ ला स्वीडनची बरोबरी, ८९ ला आपल्या स्पेनच्या ओल्गा कार्मोनाचा गोल. तोवर आई पण चष्मा लावून बसली होती.

सिडनीची फायनल जिंकली आणि अंडर-१७, अंडर-२० (२०२२ ला जपानविरुद्धच्या फायनलमध्ये तीनपैकी दोन गोल हिचेच) आणि सीनियर असे तिन्ही वर्ल्डकप जिंकणारी ती पहिलीच खेळाडू ठरली. वय एकोणीस. त्याच वर्षी बॅलन डी'ऑरमध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) तिसरी.

स्पेनचं खूळ मला लागलं ते मात्र आपल्याच नेरूळच्या डी वाय पाटीलला. ३० ऑक्टोबर २०२२, अंडर-१७ ची फायनल, स्पेन-कोलंबिया, भाचीला घेऊन गेले होते. गोल झाला तोही कोलंबियाचा स्वतःवरच, भाची चिडली की हे काय जिंकणं. पण स्पेनची विकी लोपेझ समोर बघितली आणि मग तिच्याआधीच्या बॅचमध्ये कोण होतं ते शोधता शोधता सालमा सापडली.

सगळं गोडगोड आहे असं मुळीच नाही. २०२५ च्या युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) फायनलला, बाझेलला, शूटआउटमध्ये तिचा पेनल्टी सरळ बाहेर गेला आणि इंग्लंड जिंकलं. लगेच 'नुसती पळते, फुटबॉल येत नाही' सुरू. अरे त्याच शूटआउटमध्ये बॅलन डी'ऑर जिंकलेली बोनमाती पण चुकली, तिला म्हणा की येत नाही!

भाची आता आठवीत. शाळेतल्या सरांनी सांगितलंय, एक काय ते ठरव, दोन्हीकडे पळून काही होत नाही. दादा पण तेच म्हणत होता, त्याच्याशी माझं एक कडाक्याचं भांडण झालं, सध्या युद्धबंदी आहे. भाचीचं मात्र दोन्ही चालू, सकाळी हर्डल्स, संध्याकाळी फुटबॉल. पोरगी दोन हर्डल्समध्ये एकोणीस पावलं टाकते, अठरावर यायचंय तर पाय बदलावा लागेल आणि डावा पाय पुढे येतच नाहीये. कुणाकडे काही ड्रिल असेल तर इनबॉक्स करा.