झाडाचं 'अन्न' वाढलं, दाण्याचं काय?

"कार्बन डायऑक्साइड हे प्रदूषण नाही, झाडांचं अन्न आहे. तो वाढला की पृथ्वी हिरवी होते, पिकं भरघोस येतात. हरितगृहवाले तो मुद्दाम सोडतात. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के, त्याने काय होणार? डायनासोरच्या काळी तर कितीतरी जास्त होता!" हा मजकूर फिरत फिरत पुन्हा पुन्हा येतो.

यातलं खरं आधी मान्य करू. झाडं याच वायूपासून साखर बनवतात. उपग्रहांच्या नोंदींवरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभर पानांचा पसारा वाढल्याचं दिसलं आणि त्यातला सुमारे ७० टक्के वाटा या वायूचा निघाला. पण उपग्रहाला पान दिसतं, दाणा दिसत नाही.

'पिकं भरघोस' म्हणजे कोणती? मका, ज्वारी, ऊस यांच्या पानांत हा वायू एकवटून घेण्याची सोय मुळातच असते. पाण्याचा ताण नसेल तर जादा वायूचा त्यांना फारसा उपयोग नाही. गहू, भात, सोयाबीनला होतो. बऱ्याच तणांनाही होतो, पण ते मेसेजमध्ये कोण लिहिणार?

बरं, वाढलेला गहू तरी कसा? उघड्या शेतात पिकाभोवती नळ्यांचं कडं करून ५४६ ते ५८६ पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले भाग; ०.०४ टक्के म्हणजे ४०० पीपीएम) वायू सोडला, तेव्हा गव्हातलं जस्त सुमारे ९, प्रथिनं ६ आणि लोह ५ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पोट भरेल, पण कस कमी.

हरितगृहाचा दाखला तर उलटा अंगाशी येतो. तिथे वायू १,००० पीपीएमच्या आसपास नेतात हे खरं, पण पाणी, खत, तापमान सगळं हाताशी असतं. बाहेर हा वायू वाढतो तो उष्णता घेऊनच. भात निसवला की लोंबीतलं एकेक फूल दुपारच्या आत तासाभरासाठी उघडतं. दोन तुसं विलग होतात, पिवळसर परागकोश बाहेर लोंबतात, पराग झडतात, तुसं मिटतात. पुन्हा उघडणं नाही. नेमक्या त्या तासात पारा ३५ अंशांच्या वर गेला तर परागकोश नीट फुटत नाहीत. शेत लांबून हिरवंगार. लोंबी चिमटीत दाबावी तर दाणे पोचट. वायूचा फायदा बाजूला ठेवून २०१७ साली केलेला अंदाज असा, की जगाचं तापमान एका अंशाने वाढलं तर गव्हाचं उत्पादन सरासरी ६ आणि मक्याचं ७ टक्क्यांनी घटेल.

राहिले ०.०४ टक्के. कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि ते उष्णता अडवत नाहीत. त्यामुळे त्यांच्या तुलनेत 'जेमतेम' म्हणण्यात अर्थ नाही. बघायचं ते हे, की औद्योगिक क्रांतीआधी २८० पीपीएम असलेला हा वायू आता ४२० च्या वर गेलाय. म्हणजे दीडपट. ओझोन तर थराच्या दाट भागातही १० पीपीएमच्या आसपासच असतो, तरी अतिनील किरणं अडवतोच ना?

आणि डायनासोर. ते गहू खात नव्हते. शेती सुरू होऊन १० ते १२ हजार वर्षं झाली. कारखाने येईपर्यंत त्या काळात हा वायू साधारण २६० ते २८० पीपीएमच्या घरात राहिला. आपली मुख्य पिकं माणसाने त्याच हवेत निवडून निवडून घडवली.