सहा वर्षं दहा महिने

मे महिन्यात सोलापुरात अकरा ते पाच माणसाने घराबाहेर पडू नये, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पारा ४२-४३ला टेकला की विजापूर रोडवर कुत्रंसुद्धा उभ्या रिक्षाच्या सावलीबरोबर इंच-इंच सरकत असतं. प्रश्न माणसांचा किंवा कुत्र्यांचा नाही. प्रश्न सुट्टी लागलेल्या मुलांचा आहे.

आमच्या घरात यंदा चार होती. थोरला ओंकार, चौथीची परीक्षा दिलेला. पुण्याहून आलेली भाची तन्वी, वय आठ, भाषा शुद्ध. शेजारचा व्यंकू, तिसरीतला, जो स्वतःच्या घरी फक्त झोपायला जातो; तिथे तेलुगू बोलतो, आमच्याकडे मराठी आणि टीव्हीसमोर हिंदी. आणि आमची धाकटी गार्गी. तिचं वय सहा वर्षं दहा महिने. हा आकडा लक्षात ठेवा.

दुपारभर या चौघांचा एकच खेळ. ओंकारची जुनी सायकल पॅसेजमध्ये लावलेली होती. तिच्यावर बसलं की त्याचे गुडघे हँडलला लागतात, म्हणून ती चालवत कुणी नव्हतं. तिची फक्त घंटी वाजवायचे. आळीपाळीने. भंगारवाल्याशी माझं साडेतीनशेला ठरलं होतं आणि तो तन्वी जायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी न्यायला येणार होता. तोवर चौघांना एका जागी बसवण्यासाठी मी जाहीर केलं, "चला, रोज एक सिनेमा बघू. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा."

टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. मार्चअखेरही मला एवढी जड गेलेली नाही.

पूर्वी हे सोपं होतं. 'यू' म्हणजे सगळ्यांनी बघा, 'ए' म्हणजे मोठ्यांनी बघा, आणि १९८३ पासून मधला 'यूए', म्हणजे मुलांना न्या पण निस्तरायचं तुम्ही. आता त्या 'यूए'च्याही तीन वाटण्या झाल्यात: ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवर २०२१च्या नियमांनी, थिएटरात २०२४पासून. हेतू चांगला आहे, पण नियम करणाऱ्यांच्या घरी सहा वर्षं दहा महिन्यांचं कुणी नसावं.

पहिल्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात 'यूए ७+' उमटलं आणि ओंकारने ते मोठ्याने वाचलं. "गार्गी, तू बाहेर. सातच्या वरचा आहे."

"मला दोन महिन्यांनी सात होणारेत."

"मग दोन महिन्यांनी ये की."

गार्गीने विचार केला. "पप्पा, मग आत्ता अर्धा लावा. उरलेला वाढदिवसाला."

तन्वीने दरम्यान माझ्या मोबाइलवर नियम शोधून काढला होता. "मामा, लहान मुलांना बंदी नाहीये. पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघता येतं. मी आठ वर्षांची आहे. मी मार्गदर्शन करते."

त्या दिवशी सिनेमा झाला नाही. मार्गदर्शन झालं.

त्या रात्रीपासून मी पद्धत बदलली. मुलं झोपली की उद्याचा सिनेमा आधी मी एकट्याने बघायचा. कोण निर्माता, कोण नट, मारामारी किती, गाणी कशी, घराण्यात कुठे काही लपवलंय का, अशी कसून चौकशी. ही म्हणाली, "अहो, सिनेमा निवडताय की स्थळ बघताय?" चौकशीत एक अडचण होती. दिवसभर खतावण्या बघितलेला माणूस विसाव्या मिनिटाला घोरतो. आणि मी झोपेत असताना जे होऊन जायचं, नेमकं तेच दुसऱ्या दिवशी चौघांसमोर यायचं.

'फाइंडिंग निमो'च्या वेळी मात्र मी झोपलो नाही. कारण तो मी बघितलाच नाही. माशांचं कार्टून, त्यात काय तपासायचं? लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. पहिल्या पाच मिनिटांतच एक दांडगा मासा येतो आणि निमोची आई व चारशेच्या वर अंडी गट्ट करतो. एकच अंडं उरतं. पुढचा दीड तास सिनेमा फार गोड आहे म्हणतात. आम्ही तिथवर पोचलो नाही. व्यंकू अंडी मोजत बसला होता आणि गार्गी रात्री आमटीतलं उकडलेलं अंडं बघून ताटावरून उठली.

मग मी ठरवलं, परक्या पाण्यात शिरायचंच नाही. आपलं, ओळखीचं, हसवणारं. 'झपाटलेला' १९९३ साली आला तेव्हा मी दुसरीत होतो आणि हसून हसून पोट दुखलं होतं, असं मला पक्कं आठवत होतं. आईने आठवण दुरुस्त केली. "हसलास? आठ दिवस माझ्या पदराला धरून झोपलायस. तात्या विंचूचं नाव काढलं की चड्डी बदलावी लागायची."

त्या काळी सेन्सॉर बोर्ड म्हणजे आमच्या वडिलांचा तळहात होता. ते यंत्रमागावर असायचे. पडद्यावर काही भलतं आलं की सुताच्या रंगाचा वास असलेला तो रुंद हात माझ्या डोळ्यांवर यायचा. बोटांच्या मधल्या फटींतून सगळं दिसायचं. किंबहुना जास्तच भीतिदायक दिसायचं, कारण तुकड्यातुकड्यांनी दिसायचं.

तर मी 'झपाटलेला' लावला, हात तयार ठेवला. पडद्यावर बाहुला जिवंत झाला. मी गार्गीच्या डोळ्यांवर हात नेला. तिने तो शांतपणे बाजूला केला. व्यंकू म्हणाला, "काका, त्याची मान मागून कोण तरी हलवायलंय." ओंकारने सिनेमा थांबवून, मागे नेऊन, मान नेमकी कुठून हलवली असेल ते सगळ्यांना समजावून सांगितलं. चौघंही पोट धरधरून हसत होती. रात्री साडेबाराला मी पाणी प्यायला उठलो, तर माझ्या उशाशी तन्वीची बाहुली बसवलेली. मी ओरडलो हे खोटं आहे. फक्त तांब्या पडला. पण त्या आवाजाने अख्खी इमारत जागी झाली आणि दुसऱ्या दिवशी व्यंकूच्या आजीनेही 'कसं वाटतंय आता?' अशी चौकशी केली.

तिसरा कौल आईचा. "श्यामची आई लाव. संस्कार होतील." गोष्ट खरी. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं, हे मी मुलांना अभिमानाने सांगितलं. गार्गीने विचारलं, "मग रंग द्यायला पैसे नव्हते का?" आई नावांची पाटी पडल्यापासून रडत होती. व्यंकूने खुसफुसत ओंकारला विचारलं, "आजी आत्तापासून का रडायलीय बे? अजून काही झालंच नाही." शेवटी जे व्हायचं ते झालं. पुढचे चार दिवस गार्गी तिच्या आईला एकटीला बाथरूममध्ये जाऊ देईना. दाराबाहेर उकिडवी बसून दर मिनिटाला विचारायची, "मम्मी, आहेस का?" आतून उत्तर यायचं, "आहे. पण तुझ्या पप्पांचं काही सांगता येत नाही."

आता राहिलं थिएटर. तिथे निदान निवड माझ्या डोक्यावर नव्हती. शहरात मुलांसाठी एकच लागला होता. कार्टून. 'यू'. निखळ, निर्मळ, बिनवादाचा 'यू'. एका रिक्षात सहा माणसं कोंबून आम्ही गेलो. पॉपकॉर्नच्या भावात घरी चार दिवसांच्या शेंगा आल्या असत्या, पण ते असो.

दिवे गेले. आणि सिनेमाच्या आधी तंबाखूची जाहिरात सुरू झाली.

तुम्हीही ती बघितली असेल. सिनेमाआधी आणि मध्यंतराला ती दाखवतात. जाहिरात योग्यच आहे, भिववण्यासाठीच केलेली आहे. फक्त ती कुणाला भिववते हे बघायला कधीतरी 'यू' सिनेमाच्या मॅटिनीला या. तंबाखू खाणारे बापे बाहेर पिंक टाकायला गेलेले असतात, आणि आत ओळीने सहा-सात वर्षांची मुलं डोळे विस्फारून तोंडाचा कॅन्सर बघत असतात. गार्गी खुर्चीखाली गेली. मध्यंतरापर्यंत तिला बाहेर काढली, मध्यंतराला ती जाहिरात पुन्हा लागली, ती पुन्हा खाली. सिनेमात पुढे एक राक्षस आला होता म्हणे. त्याच्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

घरी आल्यावर ती थेट आजीसमोर उभी राहिली. आमची आई गेली पन्नास वर्षं मिश्री लावते. सकाळ-संध्याकाळ, देवपूजेइतक्या निष्ठेने.

"आजी, मिश्री म्हणजे तंबाखूच ना?"

"भाजलेली असते."

"आजी, तू मरणारेस का?"

"मरणार की. पण आत्ता नाही. आधी आमटीला फोडणी द्यायचीय."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरची मिश्रीची डबी गायब. घरभर शोधली. तिसऱ्या दिवशी सापडली ती तुळशीच्या कुंडीत, मातीत पुरलेली, आत एक कणही नाही. त्यानंतर आठवडाभर घरात जे झालं त्याला कुठलंही सर्टिफिकेट मिळालं नसतं. आईचं डोकं दुखत होतं, भांडी आपटत होती, पोळ्या करपत होत्या. आणि बोलणी मला. "यू बघून नेलास ना रे? यू?" नवी मिश्री आणायची माझी हिंमत नव्हती, कारण गार्गी माझे खिसे तपासायची. रिकामी डबी मात्र आईने उशाशी ठेवून घेतली. वास घ्यायला, म्हणे.

चुंबनाच्या दृश्यांचं मी अजून काही बोललो नाही. बोलण्यासारखं फार नाही. एकदा एका साध्या घरगुती सिनेमात नायक-नायिका जरा जवळ आले, मी "पाणी आण रे कुणीतरी" म्हणालो आणि ही पंख्याचा वेग बघायला उठली. ओंकारने माझ्या हातातून रिमोट घेतला, तेवढाच भाग पुढे नेला आणि रिमोट परत दिला. "पप्पा, तुम्हाला कसंतरी होतं ना, म्हणून."

अशा रीतीने शनिवार आला. उद्या भंगारवाला, परवा तन्वी पुण्याला. शेवटचा सिनेमा चुकायला नको होता. या वेळी मी झोपलो नाही. चहा पिऊन, चष्मा लावून, वही घेऊन 'एलिझाबेथ एकादशी' आदल्या रात्री पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. २०१४चा. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. गोष्ट पंढरपूरची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. कार्तिकी, चंद्रभागा, त्यामुळे आईही खूश. वहीत मी ओळीने खुणा केल्या. भूत नाही. रक्त नाही. चुंबन नाही. आई शेवटपर्यंत धडधाकट. वडील सिनेमा सुरू व्हायच्या आधीच गेलेले, तेवढं पोटात घेतलं. पोरांची तोंडं थोडी सैल आहेत, त्यावर ही म्हणाली, "आपल्या गल्लीपेक्षा सैल नाहीत." शेवटी खाली बेरीज केली, दोन रेघा ओढल्या आणि सही केली.

आणि खरोखर, तासाभरात पहिल्यांदाच कुणी उठलं नाही. पंढरपूर दिसल्याबरोबर आईने बसल्या जागी हात जोडले. पडद्यावरची पोरं यात्रेत बांगड्यांचं दुकान लावून "गरम बांगड्या, गरम बांगड्या" ओरडायला लागली तेव्हा आमची चौघंही ओरडायला लागली, व्यंकू तर तेलुगूतही. कुणी खुर्चीखाली गेलं नाही. कुणी रडलं नाही. संपल्यावर ओंकार जरा गप्प होता, पण ते मी चांगल्या सिनेमाचं लक्षण मानलं. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. ही माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "सिनेमा कशाबद्दल होता?"

"पंढरपूरबद्दल."

"सायकलबद्दल होता. वडिलांनी दिलेली सायकल पैशासाठी विकायला लागू नये म्हणून पोरं काय काय करतात, त्याबद्दल."

मी वही उघडली. भूत, रक्त, चुंबन, आई. सायकलचा रकाना मी घातलाच नव्हता.

सकाळी साडेआठला उठलो तेव्हा पॅसेज रिकामा होता. सायकल आईच्या लोखंडी खाटेला साखळीने बांधलेली, साखळीला कुलूप, आणि खाटेवर आई आडवी झालेली. पायथ्याशी ओंकार आणि व्यंकू मांडी घालून. गार्गी आजीच्या कुशीत. तन्वी उभी होती, बहुधा मार्गदर्शन करत.

"किल्ली कुठाय?" मी विचारलं.

कुणी बोलेना. खालून भंगारवाल्याची आरोळी आली.

"आई, तू तरी सांग."

"मला काय विचारतोस?" म्हणून तिने कूस बदलली. उशाशी ठेवलेली मिश्रीची रिकामी डबी जरा हलली, आणि आत काहीतरी खुळखुळलं.