‘मातीतला माणूस’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘अनवाणी पाय आणि पोटातले जंत’ या माझ्या लेखाखाली ‘मातीतला माणूस’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं असं: मी लोकांना उगाच घाबरवते. त्यांचे आजोबा जन्मभर अनवाणी शेतात राबले आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत होते. सुतासारखे बारीक जंत मातीतून येत नाहीत, एवढंही मला ठाऊक नाही. जंतांवर वावडिंग असताना गोळ्या कशाला? ज्या गावात संडासात ओतायला पाणी नाही, तिथे चपला आणि साबण सांगून सगळा दोष आयांच्या माथी का? आणि शेवटचं वाक्य: ‘शहरात पंख्याखाली बसून गावच्या मातीला नावं ठेवणं सोपं असतं, बाई.’

दोन दिवस थांबून लिहिते आहे. राग अजून पुरता गेलेला नाही.

आधी माझी चूक. बारीक जंतांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यांची मादी रात्री मुलाच्या शौचाच्या जागेभोवती अंडी घालते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत अडकतात आणि तिथून तोंडात, चादरीवर, भावंडांच्या हातावर जातात. काही तासांतच ती अंडी बाधा करण्याजोगी होतात, मातीची गरजच नसते. म्हणूनच डॉक्टर घरातल्या सगळ्यांना एकदम औषध देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. ‘सगळे जंत मातीतून येतात’ असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलं.

आता ते शेवटचं वाक्य. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलं ‘बाई’ म्हणत, त्यांच्या आयाही म्हणत. त्या शब्दावर माझं आयुष्य गेलं. तुम्ही तो ज्या सुरात वापरलात, त्या सुरात मला कुणी हाक मारलेली नाही.

माझा जन्म संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतला. आषाढात डोक्यावर इरलं घेऊन मी लावणी केली आहे, पोटरीभर चिखलात, अनवाणी. चिखलात चप्पल रुतते, हे मला सांगायची गरज नव्हती. पहाटे सगळी वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला शौचाला बसायची आणि पाऊस आला की तिथलंच पाणी खालच्या खाचरात उतरायचं. लावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांमध्ये आणि घोट्यापाशी बारीक पुरळ उठून खाज यायची. आम्ही त्याला पाण्याची खाज म्हणायचो आणि खोबरेल लावून झोपायचो.

माझी आई पांढरी पडत गेली. चुलीतली भाजकी माती खायची खोड लागली तिला. विहिरीवरून हंडा आणताना तीनदा टेकायची. मी बारा वर्षांची असताना तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन अवघं पाच. शौच तपासलं, अंकुशकृमीची, म्हणजे आतड्यात राहून रक्त शोषणाऱ्या जंताची, अंडी. हा जंत पोटात कसा जातो हे मला फार पुढे, नोकरीला लागल्यावर कळलं. विष्ठेतली अंडी ओल्या, सावलीच्या मातीत दोन दिवसांत फुटतात. आठवडाभरात अळी माणसाच्या कातडीतून आत शिरायला तयार होते. पायातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात, गिळली की आतड्यात. आर्थर लूस या जर्मन संशोधकाला हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोत सापडला, तोही अपघाताने. अळ्यांचं पाणी त्याच्या हातावर सांडलं, तिथे खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात अंडी दिसली. आमची ‘पाण्याची खाज’ बहुधा तीच होती.

म्हणजे मी मातीला नावं ठेवली नाहीत. लेखातली एक ओळ काढून दाखवा. त्या मातीत काय मिसळतं, ते मी लिहिलं. आईच्या पोटात काय होतं ते पाहिलेल्या मुलीला तुम्ही मातीवरचं प्रेम शिकवू नये.

आणि तुमचे आजोबा. अंकुशकृमीच्या एका जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. पन्नास असले तर रोज दोन चमचे. भाकरीबरोबर मासे-मटण मिळणारा धडधाकट पुरुष ते वर्षानुवर्षं सोसू शकतो, त्याला कळतही नाही. जिला दर महिन्याला पाळी येते, जी दोन वर्षांआड बाळंत होते आणि सगळ्यांचं उरलेलं खाते, तिला ते सोसत नाही. तुम्ही आजोबांचं सांगितलंत. आजीचं काहीच सांगितलं नाहीत. त्या किती वर्षं जगल्या?

वावडिंगावर मला वाद घालायचा नाही, मीही माझ्या मुलांना उकळून पाजलं आहे. पण शाळेतली जंतांची गोळी (अल्बेंडाझोल) फुकट मिळते. २०१५ पासून १० फेब्रुवारीला आणि पुढे १० ऑगस्टलाही मी ती मुलांना समोर उभं राहून चावून खायला लावली आहे. एक ते एकोणीस वर्षांपर्यंत, ४०० मिलिग्रॅम. दोन वर्षांखालच्या बाळाला अंगणवाडीत अर्धी, चुरून. ‘आमच्या मुलाला नको’ अशा चिठ्ठ्या दर वर्षी यायच्या. तुमच्यासारख्या प्रतिक्रिया वाचून उद्या आणखी चार येतील, म्हणून एवढं लिहावं लागलं.

संडास आणि पाण्याचा मुद्दा मोठा आहे, तो इथे घेत नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आयांना मी दोष दिला असं तुम्हाला वाटलं, तर तो तुमच्या वाचनाचा प्रश्न आहे.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. बारीक जंतांबद्दलचं वाक्य मूळ लेखात आज सकाळी दुरुस्त केलं आहे.