‘अक्कल असली की सेफ्टीचे कायदे लागत नाहीत’ म्हणे!

‘डोकं ठिकाणावर असलेल्याला सेफ्टीचे कायदे लागत नाहीत. अपघात होतो तो कामगाराच्या हलगर्जीपणाने. ऑफिसात बसणाऱ्यांचा याच्याशी संबंध नाही. नियम म्हणजे नुसते कागद आणि खर्च.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. घरच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला. पण टाकीसफाईच्या कामाला नुकत्याच लागलेल्या भाच्याने तोच पुढे पाठवलाय, म्हणून लिहितोय.

टाकीचंच घेऊ. बंद टाकीत, मॅनहोलमध्ये अक्कल सांगते, वास आला की वर या. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांसारखा वास येतो खरा, पण हवेच्या दहा लाख भागांत तो १०० भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस आणखी खाली उतरतो. पूर्वी कंदील सोडून बघत. ऑक्सिजन फारच कमी असेल तर कंदील विझेल. विषारी वायूचं त्याला काही कळत नाही, आणि मिथेन साचला असेल तर तोच भडका उडवेल. फिल्टरचा मास्क? तो हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद लोखंडी टाकी आतून नुसती गंजत राहिली तरी तो घटतो, आणि ६ टक्क्यांखाली माणूस काही क्षणांत कोसळतो.

सगळ्यात जीवघेणी अक्कल पुढचीच: खाली पडलेल्याला उचलायला दुसऱ्याने उतरणं. कामाच्या जागच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘निऑश’ या सरकारी संस्थेने १९८६ च्या इशाऱ्यात लिहिलंय की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. हे सगळे हलगर्जी होते का?

नियम या धडपडीच्या उलट सांगतो, म्हणून तो लिहून ठेवावा लागतो. आधी टाकीत येणाऱ्या पाइपलाइन ब्लाइंड प्लेट (भोक नसलेली भरीव चकती) टाकून बंद करायच्या. नुसत्या व्हॉल्व्हवर भरवसा नाही, व्हॉल्व्ह गळतात. मग ब्लोअरने आत ताजी हवा सोडायची. मग वर, मधे आणि तळाशी गॅस मोजायचा, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे, तळाशी साचतो. क्रमही ठरलेला: पहिल्यांदा ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन कमी असेल तर ज्वलनशील वायूचे बरेचसे सेन्सर चुकीचा आकडा दाखवतात. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत नसेल तर उतरायचं नाही. उतरल्यावर गॅस मोजणारा डिटेक्टर अंगावर चालूच हवा, कारण गाळ ढवळला की अडकलेला गॅस सुटतो. अंगावरच्या हार्नेसची (पट्ट्यांची) दोरी वर ट्रायपॉडच्या (तिपाईच्या) विंचला, म्हणजे वर ओढून घेणाऱ्या चरखीला, आणि बाहेरच्या माणसाने काहीही झालं तरी आत जायचं नाही.

हलगर्जीपणाबद्दल एवढंच: माणूस चुकणार हे धरूनच मशीनला गार्ड असतो, आणि दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला फिटर स्वतःचं कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतो, म्हणजे दुसरा कोणी चुकून मशीन चालू करणार नाही.

‘ऑफिसवाल्यांचा संबंध नाही’ हे तर संतापजनक आहे. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मेलेले बहुतेक लोक कारखान्यात कामाला नव्हते, शेजारच्या वस्त्यांत झोपलेले होते. मिथाइल आयसोसायनेट हे गळती झालेलं विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि गॅस जाळणाऱ्या फ्लेअरची पाइप काढून ठेवलेली होती. ॲस्बेस्टॉसची धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरी जाते. ते कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) झालेला आहे.

कागदांबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. टाकीजवळ न जाता ऑफिसात बसून परमिटवर (आत उतरायच्या लेखी परवानगीवर) सह्या होतात, रजिस्टर महिनाअखेरीस एका बैठकीत भरलं जातं. पण तो नियम मोडण्याचा प्रकार आहे. त्यासाठी नियम काढायचा नसतो, सही करणाऱ्याला टाकीपाशी उभं करायचं असतं. खर्चाचं म्हणाल तर डिटेक्टर, ब्लोअर, ट्रायपॉड एकदा घेतले की वर्षानुवर्षं चालतात.

भाच्यासाठी: उतरण्याआधी मीटरचा आकडा स्वतः बघ. त्याची बंप टेस्ट (थोडा गॅस सोडून मीटर वाजतो का, ही तपासणी) आज झाली का, ते विचार. आणि विंच लावलेला नसेल तर झाकण उघडून आत वाकूनही बघू नकोस.