मासे कमी झाले? जाळी वाढवा!

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन झालात, अभिनंदन! धरण नाथसागर असो, येलदरी असो की माजलगाव, पहिल्याच मीटिंगला एखादा आगाऊ पोरगा उठून म्हणणार, "साहेब, तराफे लई झाले, मासा पुरंना." त्याला खाली बसवा. मासा कमी झाला असं कधी म्हणायचं नसतं, पाणी कमी झालं म्हणायचं. मराठवाड्यात हे कुणालाही पटतं. बऱ्याच वर्षी ते खरंही असतं, हा आणखी एक फायदा.

तेवढ्याच मासळीला पूर्वीपेक्षा जास्त जाळी आणि जास्त रात्री लागायला लागल्या, की समजावं, धरणाला झेपणार नाहीत इतके हात पाण्यात आहेत. खूण इतकी सोपी आहे, म्हणूनच वजनकाट्याकडं फिरकू नका. नीट वाढू दिला तर वर्षात किलोभर होणारा कटला तिथं वीतभर लांबीचा पडलेला असतो, क्रेटमध्ये बर्फच जास्त, आणि व्यापारी त्याला चिलापीच्या ढिगात ढकलून एकच भाव लावतो. यावर उपाय एकच, तंगूस जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, आणखी बारीक करायचा. दोन बोटं जायची तिथं एकही जाता कामा नये.

रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, पूर आला की वाहत्या पाण्याकडं वर चढतात. तेव्हा पावसाळ्यात जाळं नदीच्या तोंडालाच आडवं लावा. मादी अंड्यांसकट हाती लागते, आणि पुढं बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडायला अनुदान मागायची सोय होते.

कुणी कॅनडाचं उदाहरण देईल. न्यूफाउंडलंडला 1992 मध्ये कॉडची मासेमारी बंद झाली, तीसेक हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली बंदी उठली 2024 मध्ये. बोटी, यंत्रं, मासा हुडकणारी उपकरणं, कशाची ददात नव्हती. पाणी तर अख्ख्या अटलांटिकचं होतं, त्यामुळं बिचाऱ्यांना दुष्काळावरही ढकलता येईना. आपलं तसं नाही.

मासेमारीची क्षमता, म्हणजे बोटी-जाळ्यांचा एकूण आवाका, आवरण्याचा आंतरराष्ट्रीय आराखडाही आहे, अन्न व कृषी संघटनेनं 1999 मध्ये केलेला. फार तर 2005 पर्यंत सगळ्या देशांनी हे जमवावं असं त्यात लिहिलंय. पण तो ऐच्छिक आहे, तेव्हा निवांत असा.

फारच दबाव आला तर तराफ्यांची संख्या गोठवल्याचा ठराव करा. फक्त संख्या. जाळ्याची लांबी, इंजिन, रात्रीचे तास यांबद्दल अवाक्षर नको. सभासद त्याच तराफ्यावरून दुप्पट जाळं टाकतील आणि रजिस्टर मात्र चकचकीत राहील.

आणि उद्या सरकारनं जादा बोटी विकत घेऊन मोडीत काढायची योजना आणलीच, तर पहिला अर्ज तुमचा असू द्या. कुजका तराफा द्यायचा, आलेल्या पैशांत मोटारबोट घ्यायची, परवाना मेव्हण्याच्या नावावर. मेव्हणा नसेल तर पुतण्या चालतो.