पॉवर स्टीअरिंगचा बेल्ट आणि पुलीची लाईन: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

जुन्या शेवरोले पिकअपला पॉवर स्टीअरिंग बसवणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, की पुली थोडी मागेपुढे असली तरी चालतं, बेल्ट टाईट करा, तो आपोआप लाईनीत येतो. हे चुकीचं आहे. व्ही-बेल्टला (पुलीच्या व्ही आकाराच्या खाचेत बसणारा बेल्ट) साधारण अर्धा अंशच फरक चालतो, म्हणजे दोन पुलींमध्ये फूटभर अंतर असेल तर जेमतेम अडीच मिलिमीटर, त्यापुढे बेल्ट कडेने झिजतो, किंचाळतो, उडतोही, आणि जास्त ताणला की स्टीअरिंग पंपाचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

बहुतेक वेळा घोळ वॉटर पंपाचा असतो. स्मॉल ब्लॉकला (शेवरोलेचं व्ही-८ इंजिन) शॉर्ट आणि लाँग अशा दोन प्रकारचे वॉटर पंप येतात, लांबीत सव्वा इंचाच्या आसपास फरक, त्यामुळे एकाच्या पुल्या आणि ब्रॅकेट (स्टीअरिंग पंप इंजिनला धरून ठेवणारा आधार) दुसऱ्याला लाईनीत येतच नाहीत. ब्रॅकेट पूर्ण आवळून, क्रँक पुलीवर (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची पुली) सरळ पट्टी धरून खाचेच्या मध्यापासून मोजा (पुलीच्या कडा कमीजास्त जाड असतात), मग ब्रॅकेटमागे स्पेसर (अंतर भरणारी चकती) टाका. आणि स्टीअरिंग पंपाची प्रेस-फिट पुली (दाबून घट्ट बसवायची) हातोडीने ठोकू नका हो, पंप आतून खराब होतो, ती बसवायचं हत्यार, इन्स्टॉलर, मिळतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा.